सोप्या भाषेची कार्डे आणि सुमतीअक्का

गेल्या महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी मी आमच्या संशोधनसंस्थेतल्या गणकयंत्राच्या खोलीत बसलो होतो. काचेच्या दारावर टकटक झाली. बाहेर लीला उभी होती. लीला म्हणजे आमच्या गणन विभागातली, रोज बंगळुराबाहेरच्या आनेकल गावाहून बसने येणारी मुलगी. यंत्राच्या खडखडाटात तिचे शब्द ऐकू येईनात. ओठ हलताना तेवढे दिसत होते. दारापाशी बसलेल्या यंत्रचालकाने मान वर न करताच सांगितले, "ए, कार्डं खिडकीतून द्यायची. आत यायचं नाही." आज्ञावलीची, भोके पाडलेली कार्डे तिच्या हातात नव्हतीच. मी उठून दार उघडले तेव्हा ती म्हणाली, "सर, अक्का गेल्या. पहाटे... झोपेतच." एवढे सांगूनही ती उंबरठ्याबाहेरच थांबली, कारण तिच्या चेहऱ्याशेजारीच काचेवर नियमाचा कागद डकवलेला होता. पदवीधरांनाच प्रवेश, आणि पदवीधरांच्याच यंत्रभाषेतल्या आज्ञावल्या चालवल्या जातील, असा तो नियम. ज्या बाईने त्या नियमाशी शेवटपर्यंत भांडण मांडले, तिच्या मरणाची बातमीसुद्धा त्याने दाराबाहेर अडवली होती. मला रडू यायला हवे होते. आला तो संताप, आणि तो अजून उतरलेला नाही.

सुमतीअक्का माझी मावसबहीण, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मावशीचे घर पिढ्यान् पिढ्या बंगळुरातले, चामराजपेठेतले, मी बेळगावकडचा. नोकरीसाठी आलो तेव्हा पहिली काही वर्षे त्यांच्याच घरी राहिलो. मी जात्याच भिडस्त. पानात भात संपला तरी मागायचो नाही. अक्का सार वाढता वाढता म्हणायची, "अरे नारायणा, हवं असेल तर तोंडानं माग. इथं कुणी मनातलं वाचत नाही." आणि लगेच भात वाढायची; म्हणजे मनातलेच वाचायची. इंटरपर्यंत शिकून ती आमच्या संस्थेत लागली आणि पन्नास सालानंतर काही वर्षांतच गणन विभागाची प्रमुख झाली. विमानाच्या पंखाला हादरे किती बसतील, कुठल्या वेगाला तो थरथरेल, अशी गणिते आम्ही मांडायचो. ती सोडवायच्या या विभागातल्या मुली. लांबट खोलीत दोन ओळींत टेबले, प्रत्येकीपुढे मूठ फिरवून चालवायचे हिशेबाचे यंत्र, आणि शेजारी आमच्यापैकी कोणीतरी लिहून दिलेला तक्ता: दुसऱ्या रकान्यातला आकडा घ्या, पहिल्याने भागा, आलेल्यात पहिला मिळवा, निम्मे करा, ते पुन्हा पहिल्या रकान्यात लिहा, वरून सुरू करा. मुठी खडखडत फिरत राहायच्या. मग एकीच्या हाताची थाप टेबलावर पडायची आणि ती कानडीत म्हणायची, "साकु!" म्हणजे पुरे. तिचे गणित सुटले. ही थाप अक्काची; सगळ्या जणी ती तिच्याकडून शिकल्या होत्या.

साठ सालानंतर मोठे गणकयंत्र आले. त्याच्याशी बोलायचे ते आकड्यांच्या लांबच लांब रांगांनी. एक आकडा चुकला की सारे कोसळे. आमच्यातले पीएच.डी. झालेले तरुण डॉक्टर त्या रांगा तोंडपाठ म्हणत आणि त्याचा त्यांना गर्व होता. मलाही होता, हे कबूल केले पाहिजे. जे अवघड ते थोर, अशी माझी काहीशी धारणाच होती. मग यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकांत फोर्ट्रान नावाची एक नवी भाषा निघाली. तिच्यात बेरीज बेरजेसारखी लिहायची, आणि 'अमुक ओळीवर जा' असे म्हणायचे असेल तर तसेच लिहायचे. अक्काने ते पुस्तक घरी नेले. पुढच्या आठवड्यात डबा खायच्या सुट्टीत तिने फळ्यावर चार ओळी लिहिल्या आणि मुलींना वाचायला लावल्या. लीला मोठ्याने वाचू लागली आणि मध्येच हसत सुटली. "अक्का, हा तर आपला तक्ताच की हो! स्वल्प इंग्रजी आहे, एवढंच."

त्या हसण्याचा अर्थ आमच्यापैकी किती जणांना कळला? त्या भाषेची मोहिनी ती 'सोपी' असण्यात नव्हती. काम करणाऱ्या माणसाला आपण काय करतो आहोत हे ती वाचू देत होती, लिहू देत होती. मुली जेवणाच्या सुट्टीत आज्ञावल्या लिहू लागल्या, एकमेकींच्या तपासू लागल्या, चुकांवरून चिडवू लागल्या. आमच्या डॉक्टरमंडळींना ते रुचले नाही. त्यांच्यातला एक अक्काच्या तोंडावर म्हणाला, "बाई, ही भाषा म्हणजे पांगुळगाडा आहे."

"हो का?" अक्का म्हणाली. "मग तुमच्या आईनं तुम्हाला पांगुळगाडा न देता एकदम पळवलं होतं काय?"

मुली खो खो हसल्या. डॉक्टर हसला नाही. ही भाषा यंत्राला आधी उलगडून द्यावी लागते, त्यात यंत्राचा मौल्यवान वेळ जातो, असे त्याने ऐकवले. त्यावर अक्काचा आवाज चढला. "यंत्राचा वेळ वाचवायला माणसांचा जन्म घालवायचा, हा कुठला हिशेब?"

पुष्कळ मिनतवाऱ्यांनंतर एका शनिवारी दुपारी मुलींना यंत्र मिळाले. आज्ञावली लीलाची होती; माझाच एक जुना तक्ता तिने ओळीला ओळ लावून सोप्या भाषेत उतरवला होता. कार्डे आत गेली, दिवे लुकलुकले, यंत्राला जोडलेला टंकलेखक उत्तर छापू लागला... आणि छापतच राहिला. तोच आकडा, पुन्हा तोच, पुन्हा तोच. कागद टेबलावरून घसरून जमिनीवर त्याच्या घड्या साचल्या. अखेर चालकाने यंत्र बंद केले. कुठे थांबायचे, हे लीलाने लिहिलेच नव्हते.

सोमवारी समितीपुढे तो कागद पुरावा म्हणून पसरण्यात आला. लोक हसले. "शिकाऊ भाषा, शिकाऊ माणसं!" असे कोणीतरी म्हणाले. छापलेला आकडा बरोबर होता, इकडे एकानेही पाहिले नाही. यंत्रभाषेतली आज्ञावली बिघडली की त्याला संशोधनातली अडचण म्हणायचे, आणि आनेकलच्या मुलीची बिघडली की अडाणीपणा! समितीत मीही होतो. मी हळू आवाजात म्हणालो, "काही काळापुरता नियम असावा." माझ्या सौम्यपणाला मी आयुष्यभर सभ्यता समजत आलो आहे. नियमाचा कागद दाराला लागला तो त्याच दिवशी.

संध्याकाळी अक्काने तो जुना तक्ता माझ्यापुढे धरला. "यात 'थांबा' असं कुठं लिहिलंय, दाखव." मी वरपासून खालपर्यंत पाहिले. कुठेही नव्हते. इतक्या वर्षांत मी लिहिलेल्या एकाही तक्त्यात नव्हते. "दोन आकडे सारखे आले की पोरी आपापल्या थांबायच्या," ती म्हणाली. "आम्ही तुझ्या मनातलं वाचत होतो, नारायणा. यंत्र वाचत नाही. तुम्ही आम्हाला सरळ शब्दांत हुकूम देत होता तेव्हा ती भाषा हलकी नव्हती. आम्ही हुकूम लिहायला बसलो तशी हलकी झाली?" माझ्या उत्तराची वाट न पाहता, लीलाला जवळ बसवून तिने ती एक ओळ घालून घेतली: लागोपाठचे दोन आकडे सारखे झाले की थांब. नवी कार्डे तयार झाली, ती अक्काने आपल्या टेबलाच्या खणात ठेवली. नियम उठेल त्या दिवशी द्यायची म्हणून. ती दर महिन्याला अर्ज करायची. दर महिन्याला नकार यायचा.

शोकसभा झाली ती त्याच लांबट खोलीत. अध्यक्ष म्हणाले, "सुमतीबाईंनी अवघड शास्त्र भगिनींना झेपेल इतकं सोपं केलं." मी खाली मान घालून ऐकत होतो; मुली मान ताठ ठेवून ऐकत होत्या. झेपेल इतके! ज्यांनी वर्षानुवर्षे आमच्या मांडणीतल्या भोकांना आपल्या अकलेची ठिगळे लावली, त्यांना काय झेपते हे ठरवणारे आपण कोण? मग अध्यक्षांनी सर्वांना स्तब्ध उभे राहायला सांगितले. आम्ही उभे राहिलो. वेळ जाऊ लागला. अध्यक्ष डोळे मिटून उभे. स्तब्धता संपली हे कोणी सांगायचे, ते ठरलेच नव्हते. कोणी घसा खाकरला, कोणी घड्याळाकडे पाहिले, पण बसायचे धाडस कोणाला होईना. तेव्हा मागून अक्काच्या टेबलावर हाताची थाप पडली. "साकु," लीला म्हणाली. आणि आम्ही सगळे, समितीसकट, खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी मी खणातली ती कार्डे घेतली, वर आज्ञावली लिहिणारीचे नाव म्हणून लीलाचे पूर्ण नाव घातले आणि खिडकीत दिली. चालकाने नियमावर बोट ठेवून कार्डे परत केली. मी समितीला लेखी विरोध कळवला आणि कार्डे पुन्हा दिली. ती पुन्हा परत आली. आता दर सोमवारी मी ती देतो, दर मंगळवारी ती परत येतात. ती घेऊन मी त्या लांबट खोलीत जातो. अक्काच्या टेबलाशी आता लीला बसते. मी गठ्ठा पुढे ठेवला की ती कार्डांच्या कडा सारख्या करते, उजवा हात क्षणभर टेबलावर टेकवते... आणि गठ्ठा परत माझ्या हातात देते. थाप अजून पडलेली नाही.