धुऱ्यावरचा टीव्ही

बायको मेली त्याला दोन पावसाळे झाले. लोक वारली म्हणतात, गेली म्हणतात. मेली म्हटलं तरी तेवढंच दुखतं. पण धान रोवण्याचे दिवस आले की मला तिचं मरण आठवत नाही, एक रविवार आठवतो.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती. सिहोऱ्याकडच्या आमच्या गावात सकाळी लाइट राहत नसे. आमचा लहान टीव्ही बॅटरीवर चालायचा. रविवारी त्यावर लेकरांची एक मालिका लागे. भाऊ-बहीण झोपाळ्यावर बसत, झोपाळा मागं गेला की थेट राजाच्या काळात. मला ते खुळं वाटायचं. बायकोला नाही. एवढ्या लांब जाणाऱ्या पोरांना कोणी शिदोरी कशी देत नाही, एवढाच तिचा राग.

मालिका पाहून ती उशिरा शेतात येई आणि धान रोवता रोवता बायांना सगळी गोष्ट सांगे. त्या बायांनी मालिका कधी पाहिली नव्हती, नुसती ऐकली होती. मग एका भागात झोपाळ्याची दोरी तुटली. पोरं राजाच्या काळात अडकली. पुढचा रविवार शेवटचा.

नेमकी त्याच दिवशी तलावाच्या पाण्याची आमची पाळी. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटून पेंड्या बांधलेल्या. संध्याकाळी पाणी दुसऱ्याकडे जाणार, आणि बाया म्हणतात, आज आधी शेवट पाहू, मग चिखलात उतरू. मी चिडलो. बायकोला म्हटलं, तू पाहून ये आणि सांग, नेहमीसारखं.

ती म्हणाली, "आजपावतो त्यायनं माह्या तोंडून आयकलं. शेवट मी एकटी नाई पाहत."

तिच्याशी वाद घालून पाणी थांबणार नव्हतं. टीव्ही, बॅटरी बैलबंडीत घातली, अँटेना बांबूला बांधला आणि सगळं शेताच्या बांधावर, धुऱ्यावर नेलं. चित्र येईना. मी बांबू धरून खाली बांधीत, धानाच्या वाफ्यातल्या गाळात उभा राहिलो तेव्हा आलं. टीव्हीची पाठ माझ्याकडे, बायांची तोंडं माझ्याकडे.

"भाऊजी, हालू नोका," एक म्हणाली, "पोरगी झोपाळ्यावरून पडन."

मला दिसत होती फक्त बायको. तोंडावर हात ठेवून बसली होती. मग सगळ्या एकदम हसल्या, आणि एकीनं डोळे पुसले. काय झालं ते मला काही कळलं नाही.

त्या दिवशी बायांनी ज्या झपाट्यानं रोवलं, तसं पुन्हा कधी रोवलं नाही. मी त्यांच्याकडे पेंड्या फेकत होतो. शेवटी न राहवून बायकोला विचारलं, "आली का पोरं घरी?"

"आता काहून इचारता? खुळं हाये ना ते?" म्हणाली, आणि सांगायला लागली. राजाच्या दासींनी लुगड्याच्या काठांची दोरी वळून दिली. पोरं परत आली. आईनं आधी दोघांना एक एक चापट मारली, मग पोटाशी धरलं. मध्येच राजाची म्हातारी आई आली, तिचे गुडघे दुखत होते. अर्ध्या तासाच्या मालिकेत एवढं मावणार नाही, हे मलाही समजत होतं. बाकीच्या बाया खाली मान घालून हसत होत्या.

पाणी दुसऱ्याकडे जायला अजून वेळ होता, एकच कोपरा रोवायचा उरला होता, आणि बायकोची गोष्ट अजून चालूच होती. शेवटची पेंडी माझ्या हातात होती. ती मी जरा उशिराच फेकली.