आईचं पथ्य

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच. त्याचा अभिमान आहे, लपवत नाही. पण आईला समजावताना माझी पदवी उपयोगी पडली नाही. ती गावाकडून माझ्याकडे वाघोलीला आली ती कॅन्सरच्या उपचारासाठी. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. पथ्य काय, असं तिने डॉक्टरांना विचारलं. "काही नाही, सगळं खा," ते म्हणाले. चांगल्याच मनाने म्हणाले, पण आई घरी येऊन म्हणाली, "ज्या औषधाले पथ्य नाई, ते लागू कसं होईन? मी नाई येत आता."

मी रागावलो, रडलो, इंटरनेटवरचं वाचून दाखवलं. ती हलेना. केमोची तारीख जवळ आली तेव्हा तिला नारायण पेठेतल्या दत्ताच्या देवळात नेलं. देव ऐकेल याची खात्री नव्हती. दुसरं काही सुचत नव्हतं, एवढंच. आई हात जोडून मोठ्यानेच म्हणाली, "महाराज, मले पथ्य सांगा."

शेजारी बसलेल्या बाई हसल्या. "अहो आजी, एवढ्यासाठी महाराजांना कशाला उठवता? मी वैद्य आहे, मी सांगते."

आता ह्या औषधाची बाटली विकणार, असं मला वाटलं. पण आईचा आजार ऐकल्यावर त्यांनी आधी माझ्याकडून डॉक्टरांचा नंबर मागितला. "त्यांना विचारल्याशिवाय मी साधा काढाही देत नाही. औषधं एकमेकांच्या आड येतात."

दुसऱ्या दिवशी आम्ही सदाशिव पेठेत त्यांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांशी त्यांचं बोलणं झालं होतं. काढा नाहीच दिला. पाणी उकळून प्यायचं, कच्चं खायचं नाही, निजताना तळपायांना तेल चोळायचं, सकाळी शांत बसून श्वासाकडे लक्ष द्यायचं. "आणि सगळ्यात कडक पथ्य," बाई म्हणाल्या, "तिकडची केमोची सलाईन एकदाही चुकवायची नाही. चुकली तर माझ्याकडे यायचं नाही."

आई खूश! केमोच्या दिवशी माझ्याआधी तयार. शेजारच्या खाटेवरच्या बाईला ऐटीत सांगते, "मले लय कडक पथ्य हाय." उलट्या होतात, थकवा येतो, पण झोप लागते. परवाचे रिपोर्ट चांगले आले.

त्या बाई त्याच वेळी तिथे का होत्या, याचा मी हिशोब मांडत नाही. मी देवाला आजार घालवायला सांगत होतो, आईने फक्त पाळायला काहीतरी मागितलं. तिचं मागणं खरं. आता नर्स सुई लावते तेव्हा आई सलाईनच्या बाटलीला नमस्कार करते. मीही करतो.