चौघांत एक लॉगिन

जानेवारीचा पहिला सोमवार. एका लॉगिनची रक्कम दरमहा नऊशे, त्यावर अठरा टक्के कर एकशे बासष्ट, एकूण एक हजार बासष्ट रुपये. हजर: राइस मिलचे मालक, त्यांचे मेहुणे, वजनकाट्यावरच्या बाई आणि मुनीम म्हणून मी.

नागपूरच्या कंपनीने सांगितलं, की बिलांचा आणि गेटपासचा प्रोग्राम त्यांच्या सर्व्हरवर राहील, आमच्याकडे फक्त संगणकाचा पडदा. एका लॉगिनवर एका वेळी एकच माणूस. मी चार लॉगिन सुचवले. मालक म्हणाले, "मुनीमजी, एक नल पे पूरा मोहल्ला पानी भरता है." एकच घेतलं.

मग मी पाळी लावून दिली. ज्याच्या खुर्चीवर लाल दुपट्टा, तो आत. बाकीच्यांनी माऊसला हात लावायचा नाही. एकदा बाई तो चुकून खांद्यावर टाकून घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या येईपर्यंत आम्ही तिघं नुसते बसून राहिलो. लॉगिन मोकळं होतं, पण नियम म्हणजे नियम.

एप्रिलमधल्या एका दुपारी तांदळाचा ट्रक भरून उभा होता. ड्रायव्हर चिचगडचा. "बाबूजी, गेटपास द्या लवकर. पाच वाजता पोरीले पाहाले पावने येऊन राह्यले."

दुपट्टा माझ्याच खुर्चीवर होता. तरी पडदा सांगत होता, दुसरी व्यक्ती आत आहे. मेहुणे आजारपणाच्या रजेवर होते. त्यांच्या कुडव्याच्या घरी फोन लावला. कळलं, ते लॅपटॉप उघडा ठेवून, आतून कडी लावून झोपलेत. दार वाजवूनही उठत नाहीत. प्रोग्राम घरूनही चालतो, हे कंपनीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दुपट्टा घरून दिसत नाही, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

कंपनी म्हणाली, "आम्ही त्यांना इथून बाहेर काढू. तीनशे, अधिक कर."

"सोते आदमी को निकालने के तीन सौ?" मालक म्हणाले. "चार बजे तक उठ जाएगा."

"शेठजी," ड्रायव्हर म्हणाला, "बाप घरी नाही म्हून पावने उठून गेले, त पोरीले तुमच्या मेहुण्याच्या दारात बसवू का?"

मालक पंख्याकडे पाहू लागले. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. भरल्या ट्रकला चिचगड अडीच तास. मी मोबाइल काढला. दोन मिनिटांत मेहुणे बाहेर, मी आत, गेटपास ड्रायव्हरच्या हातात.

"एवढंच होतं त काऊन बसवून ठेवलं?" म्हणत तो निघाला.

तीनशे अधिक चोपन्न, एकूण तीनशे चोपन्न रुपये, माझ्या खात्यातून नागपूरच्या कंपनीला. पावती मिलच्या नावाने आली.