कुडूला लावलेलं कुंकू

हसायचं नाही, हां! आणि चहा आधी खाली ठेवा, ठसका लागेल. मी जो पराक्रम केलाय, तो ऐकून माझा मुलगासुद्धा म्हणाला, "आई, व्हाय वुड यू ब्लेस अ डेड डिअर?"

थांबा, पहिल्यापासूनच सांगते.

आम्ही राहतो शारजात, अल मजाजला. मी दुबईत सलीमभाईंच्या ऑफिसात परदेशातून आलेला माल सोडवायचं काम करते. सलीमभाई मूळचे रत्नागिरीचे. अबू हमद म्हणून इथले एक बडे गिऱ्हाईक, त्यांनी नामिबियात कुडू मारला होता. कुडू म्हणजे पिळाच्या शिंगांचं धिप्पाड हरीण. त्याचं पेंढा भरलेलं मुंडकं शुक्रवारी त्यांच्या मुलाच्या लग्नाआधी भिंतीवर लागायला हवं होतं. आणि हे काम पहिल्यांदाच माझ्या एकटीवर!

"वहिनी, हे बिघडलं तर गिऱ्हाईक खलास," सलीमभाई म्हणाले.

झालं, माझी झोप उडाली! परवानगी आगाऊ काढलेली, तिकडच्या पशुवैद्याचा दाखला आलेला. मुंडकं फक्त कोरडं हवं, रक्त नको, कीड नको. तेही सगळं ठीक होतं. पण जिवाला चैन पडेल तर शपथ!

गोदामात खोकं उघडलं. तपासणीचे डॉक्टर, पेशावरचे, बाहेर फोनवर बोलत होते. समोर ती शिंगं! माझं माहेर नाशिककडचं, शेतीवाडीचं. पोळ्याला शिंगं पूजण्यात बालपण गेलेलं. पर्समध्ये देवळातली कुंकू-अक्षतांची पुडी होतीच. बाटलीतल्या पाण्यात कुंकू कालवलं, कुडूच्या कपाळावर ठसठशीत बोट ओढलं. वर चार अक्षता. देवा, एवढं सुटू दे रे बाबा!

डॉक्टर आत आले आणि दोन पावलं मागे सरले.

"ब्लड! फ्रेश ब्लड! और ये सफेद क्या है? कीडा?"

"नहीं सर, ब्लड नहीं, कुंकू है!"

"केमिकल? पेपर में लिखा है?"

"केमिकल नाही हो, हळद-चुना है! और वो कीडा नहीं, चावल है!"

"चावल? यानी प्लांट मटेरियल!"

बघा, खरं बोलावं तर एकेक तपासणी वाढत चालली! डागाचा नमुना लॅबला, कुंकवाचा वेगळा, आणि चार दाणे तांदळासाठी आणखी एक साहेब.

"मगर लगाया क्यों?"

"काम अच्छा हो जाए, इसलिए."

डॉक्टरांनी मुंडक्याकडे पाहिलं. "मॅडम, इसका तो काम हो चुका."

मी रडवेली होऊन सलीमभाईंना फोन लावला. "जादा तपासणीचे पाचशे दिरहम सांगतायत हो! म्हणजे जवळजवळ बारा हजार रुपये!"

"आणि कुंकू कितीचं होतं, वहिनी?"

पुढे मी ऑफिसात नुसत्या येरझाऱ्या घालत होते. अबू हमदचा फोन आला की मी बाथरूममध्ये! सलीमभाई बिचारे "इन्शाल्ला, इन्शाल्ला" करून वेळ मारून नेत होते.

गुरुवारी दुपारी डॉक्टरांचा फोन आला. सलीमभाईंनी स्पीकर लावला.

"हेड एकदम क्लीन है. यल्ला, ले जाओ. बस, मॅडम को उससे दूर रखो."

मुंडकं लग्नाआधी भिंतीवर लागलं. गिऱ्हाईकही टिकलं. मी मात्र अजून तपासणीच्या वेळी गोदामाबाहेर गाडीत बसते. आत कधी सोडणार विचारलं, तर सलीमभाई म्हणतात, "मुंडक्याचा रिपोर्ट आला, वहिनी. तुमचा यायचाय!"