बेंदराला सोडलेली घोडी

शर्यतीत आमच्या घोडीच्या पुढच्या उजव्या पायाची शीर फाटली. गुडघ्याखालची, मागच्या बाजूची, दोरीसारखी जाड असते ती. कोल्हापूरहून डॉक्टर सोनोग्राफीचं मशीन घेऊन कोडोलीला आले आणि शिरेच्या मधोमध काळं भोक दाखवलं. "वहिनी, हे भरून येईल, पण पहिल्यासारखं नाही. पहिले धागे एका ओळीत होते, नवे वाकडेतिकडे धरतात. तुटलेल्या कासऱ्याला गाठ मारावी तसं. ते सरळ व्हायला नऊ महिने लागतील. तोवर गोठा, आणि हातात धरून दहा मिनिटं चालणं. पळाली तर संपलं."

शर्यत मालकांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, जिंकल्याचा फेटाही त्यांचाच. शेण काढायला आणि लंगडीला फिरवायला मात्र मी. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा. त्यापायी हुपरीला माहेरी गेले नाही, भाचीच्या बारशालाही नाही. घोडी खोपटात अडकलेली, मी तिच्यापायी घरात. तिचा राग यायचा. मग ती दाराची फळी कुरतडत उभी दिसली, की माझाच यायचा.

चौथ्या महिन्यात सूज उतरली. पाय हाताला गार लागायला लागला, लंगडणंही गेलं. डॉक्टरांना फोन केला, तर म्हणाले, "वरून बरं दिसतंय, आत अजून कच्चं आहे."

तेवढ्यात बेंदूर आला, आमच्या भागातला पोळा. आमच्यात त्या दिवशी जनावराच्या गळ्यात दावं ठेवत नाहीत. सगळी जनावरं न्हाऊन, पोळी खाऊन मोकळी होती, आणि ही एकटी फळीआडून बघत होती. सासूबाई म्हणाल्या, "सणाचं बांधून ठेवू नगं की गं. एका दिवसानं काय हुतंय?" मला निमित्तच पाहिजे होतं. दावं मीच सोडलं.

उसाच्या कडेनं शेपटी वर करून असली पळाली, की मला हसू आलं. चार महिन्यांत पहिल्यांदा. तिनं बांधावरून उडी मारली, वळली, आणि तीन पायांवर उभी राहिली.

पुन्हा सोनोग्राफी. भोक आधीपेक्षा मोठं होतं. डॉक्टर रागावले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. मालकांनी विचारलं, "कुणी सोडली?" सासूबाई आत निघून गेल्या. म्हटलं, "मी."

त्याला दोन वर्षं झाली. घोडी चालते, पळणं संपलं. यंदाच्या बेंदराला डॉक्टरांना विचारून मी दावं सोडलं, दार सताड उघडलं. ती उंबऱ्यापर्यंत आली, बाहेर बघितलं आणि परत फळीपाशी जाऊन उभी राहिली. पोळी दाखवून बोलावलं, तरी येईना. शेवटी मीच आत गेले.