मेंदूला शिफ्ट नसते

आमच्या घरात वेळेचे तीनच प्रकार होते: फर्स्ट, सेकंड आणि नाइट. पप्पा चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर. त्यांची शिफ्ट बदलली की काळेवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांचं सगळंच बदलायचं. कुकर कधी लावायचा, टीव्हीचा आवाज किती, आम्ही भावंडांनी भांडायचं की नाही. त्या घरातून मी गणितात एम.एस्सी. केलं आणि आता पीएच.डी. करतेय. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मान वर करूनच सांगते.

विषय आईला सांगितला तसाच इथे सांगते. माणूस स्कॅनच्या मशीनमध्ये नुसता पडून असला, तरी मेंदूचे भाग चालूच असतात. कुठले दोन भाग एका तालावर चढतात-उतरतात ते बघायचं. म्हणजे त्यांचं आपसात जमलंय. पण हे जमणं कायमचं नसतं. थोड्या वेळाने त्यातला एक तिसऱ्याशीच जुळवून घेतो. ही जुळवाजुळव कशी बदलत जाते ते समीकरणात पकडायचं, हे माझं काम. आई म्हणाली, "म्हणजे आपल्या गल्लीतल्या बायांसारखंच की."

पीएच.डी.चं काम तपासणाऱ्या समितीच्या पहिल्या बैठकीत मी स्कॅनच्या प्रत्येक रेकॉर्डिंगचे सारखे तुकडे पाडून, कुठल्या भागाचं कुणाशी जमलंय याचा एकेका तुकड्याचा नकाशा दाखवला. समितीतल्या ज्येष्ठ सरांनी विचारलं, तुकडा इथेच का संपतो? कॉम्प्युटरच्या प्रोग्राममध्ये मी तुकड्यांना जे नाव दिलं होतं तेच जिभेवर आलं. "सर, इथे शिफ्ट संपते."

सगळे हसले. सर हसले नाहीत. म्हणाले, "मेंदूत भोंगा वाजतो का हो?"

राग आला. वाटलं, घरावरून बोलले. बसमध्ये बसल्यावर डोकं जरा थंड झालं. माझ्या घराबद्दल त्यांना काय माहीत असणार? आणि प्रश्न बरोबर होता. बदल तुकड्याच्या मधोमध झाला, तर आधीचं आणि नंतरचं कालवून तिसरंच काहीतरी दिसणार. मी जन्मभर वेळ कापलेलीच पाहिली, म्हणून ती तशीच असते असं धरून चालले.

समितीचं म्हणणं होतं, बदलाचा नाद सोडा, प्रत्येक माणसाचा एकच सरासरी नकाशा काढा, प्रबंध लवकर होईल. मी अडून बसले. तेव्हा पुढच्या बैठकीपर्यंत मुदत मिळाली. तोवर जमलं नाही तर विषय गेला. पप्पांचं मत, सोपं ते घ्यावं.

"डिग्री ती डिग्री. आत काय लिहिलंय कोण वाचतंय?"

"मी वाचणार ना, पप्पा."

ते पेपरात तोंड घालून बसले. नंतर आईला सांगत होते, ही काय ऐकायची नाही.

मी तुकडे फेकून दिले. बदल कधी झाला, तेही मॉडेललाच, म्हणजे माझ्या समीकरणांनाच, शोधायला लावलं. आधी बनावट माहिती तयार केली, जिच्यात बदल कुठे आहे ते मला ठाऊक होतं. पहिल्या खेपेला मॉडेलला जिकडेतिकडे बदल दिसले. जरा काही हललं की झाला बदल. मग अट घातली की भक्कम पुरावा असल्याशिवाय बदल मानायचा नाही. अट सैल सोडली की गोंधळ, आवळली की सगळं सपाट. किती आवळायची, यातच महिने गेले. रावेतच्या मावसबहिणीच्या साखरपुड्यालाही गेले नाही. अजून ऐकवते ती.

पुढच्या बैठकीत बनावट माहितीतले बदल मॉडेलने जागच्या जागी शोधून दाखवले. मग खऱ्या माणसांची रेकॉर्डिंग. कुणात बदल लवकर, कुणात उशिरा. एका माणसात एकही सापडला नव्हता. ती स्लाइड काढून टाक, असं गाईड मॅडम म्हणाल्या होत्या, मी ठेवली. सर नेमके तिथेच थांबले.

"इथे काहीच बदललं नाही?"

"बदललं असेल, सर. पण बदललं असं म्हणण्याइतका पुरावा या रेकॉर्डिंगमध्ये नाही. म्हणून मी म्हणत नाही."

सरांनी पडद्यावरच्या सपाट रेघेकडे बोट केलं. मग समितीतल्या बाकीच्यांना म्हणाले, विषय हाच राहू द्या. आणि मला बजावलं की या एका माणसाचं काय, ते प्रबंधात आलंच पाहिजे, सुटका नाही.

त्याच दुपारी मी त्या माणसाचं रेकॉर्डिंग पुन्हा उघडलं.