मधून बारा

ट्रकला दोन बॅटऱ्या असतात. बारा-बारा व्होल्टच्या, एकीला एक जोडलेल्या, म्हणून गाडी चालते चोवीसवर. टेप, टीव्ही, वूफर हे सगळं मात्र मागतं बारा. मग मध्ये एक लोखंडी डबा बसवायचा, तो चोवीसचे बारा करून देतो. हे झालं शहाण्याचं काम. आळशी माणूस दोन बॅटऱ्यांच्या जोडावरून, म्हणजे नेमक्या मधून, एक वायर ओढतो. बारा मिळतात, टीव्ही लागतो, गिऱ्हाईक खूश. आम्ही वायरिंगवाले याला 'मधून बारा काढणं' म्हणतो. महिन्या-दोन महिन्यांत एक बॅटरी उपाशी मरते आणि दुसरी अजीर्णानं, पण तोवर काम करणारा हात झटकून मोकळा झालेला असतो.

मी असं काम उभ्या आयुष्यात एकदाच केलं. माझ्या बापाच्या गाडीत केलं आणि मुद्दाम केलं.

माझं दुकान कामशेतला, जुन्या हायवेला लागून. लोणावळ्याला निघालेल्या पोरांना धबधब्यापाशी गाडीचे चारी दरवाजे उघडून नाचायचं असतं आणि ऐनवेळी आवाज कमी पडतो. ती पोरं माझी गिऱ्हाइकं. दहा वर्षं मी त्यांच्या डिक्क्यांमध्ये डोकं घालून बसलोय. माझ्या हातची वायरिंग लोक एकमेकांना दाखवतात. फक्त माझ्या बापानं ती कधी पाहिली नाही. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय.

वडिलांना आम्ही आबा म्हणतो. तीस वर्षं ते ट्रकवर आहेत, त्यातली शेवटची काही स्वतःच्या. तळेगावच्या कारखान्यांतून माल भरायचा आणि खाली दक्षिणेत नेऊन टाकायचा. महिन्यातले वीस-बावीस दिवस बाहेर. आमचं गाव आंदर मावळात, वरच्या अंगाला. एवढी मोठी गाडी तिथवर चढत नाही. त्यामुळे आबा ती फाट्यावर लावायचे आणि घरापर्यंत अर्धा तास चालत यायचे. कितीही दमलेले असोत, यायचे. हातात पिशवी, पिशवीत आईसाठी बंगळूरहून आणलेला गजरा. इथवर येईतो त्याचा नुसता दोरा उरलेला असायचा. आई तरी तो दोरा केसांत घालायची. आम्ही हसायचो.

दोन वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर आबा दुकानात आले. आत आले नाहीत, पायरीवरच उभे राहिले.

"गाडीत टीव्ही बसवायचाय. मोठा आवाजबी पायजे. तुला जमंल का?"

दहा वर्षं हाच धंदा करणाऱ्या माणसाला विचारलेला हा प्रश्न. दुसऱ्या कुणी विचारला असता तर मी त्याला हाकलून दिलं असतं. आबांना म्हणालो, "जमंल की."

चार दिवस मी दुकान बंद ठेवलं. फाट्यावर गाडी उभी आणि मी केबिनमध्ये. ड्रायव्हरच्या सीटमागे झोपायची फळी असते, तिच्या समोर टीव्ही लावला, बिजागरीवर, म्हणजे गाडी चालताना तो घडी होऊन छताला लागेल. फळीखाली वूफर, चार कोपऱ्यांत चार स्पीकर. वायर एकही दिसू दिली नाही. आईनं मखमलीचे जांभळे पडदे शिवले, उशांना गोंडे लावले. म्हणाली, "एकट्यानं दिवस काढायचं म्हंजे काय सोपं हाय? तेवढाच इरंगुळा." आबा सगळा वेळ शेजारी बसून मला पक्कड दे, टेप दे असं करत होते. सलग चार दिवस आम्ही बाप-लेक एवढ्या जवळ कधी बसलो नव्हतो. मला फार बरं वाटलं होतं, याचा आज लिहितानाही राग येतो.

शेवटी टीव्ही लावला. आबांनी आवाज पार शेवटापर्यंत नेला. डॅशबोर्डवरचा चहाचा ग्लास थरथरत कडेला सरकला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"येतुया आवाज," ते म्हणाले. संपलं कौतुक.

पुढच्या खेपेला आबा फाट्यावर आले आणि फोन केला, आज गुडघं दुखत्यात, हितंच पडतो. त्याच्या पुढच्या खेपेला पिक्चर अर्धा राहिला होता. मग पहाटे निघायचं होतं. मग त्यांनी कारण सांगणंच सोडलं. आसपासचे ड्रायव्हर त्यांच्या केबिनमध्ये जमायला लागले. क्रिकेट असलं की पाय ठेवायला जागा नसायची. गाडी फाट्यावर असली की आई रोज फडक्यात भाकरी बांधून उतरून जायची आणि वर चढून यायची. आणि माझ्याकडे ट्रकवाले यायला लागले. "आबांच्या गाडीत केलंय तसं करून द्या." मी ज्याच्यावर जळत होतो तीच माझी जाहिरात होती.

एका गुरुवारी शिरगावला एका गाडीचं काम करून, दुकान न उघडता दुपारी घरी निघालो होतो. फाट्यावर आई दिसली. गाडीच्या दाराखाली उभी राहून पत्र्यावर हात मारत होती. काचा वर, पडदे ओढलेले, आत वूफर घुमतोय. कोण ऐकणार? तिनं वाकून एक खडा उचलला. मारला मात्र नाही. परत खाली ठेवला आणि भाकरी मांडीवर घेऊन रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसली.

"हाक मार की," मी म्हणालो.

"मारली दोनदा. असूं दे. रंगात आलं असंल त्येचं कायतरी."

मी गाडीची काच फोडायला हवी होती. निदान शिव्या तरी घालायला हव्या होत्या. पण आमच्या घरात बापाशी कुणी भांडत नाही. आम्ही गप्प बसून वाकड्यात शिरतो. पुढच्या खेपेला एक स्पीकर खरखरतोय म्हणून आबांनी बोलावलं, तेव्हा मी स्पीकर नीट केला, चोवीसचे बारा करणारा डबा काढून पिशवीत टाकला आणि बॅटऱ्यांच्या मधून वायर ओढली. दहा मिनिटांचं काम. हिशोब साधा होता. फाट्यावर टीव्ही बघता बघता बॅटरी बसेल, गाडी चालू होणार नाही, बाप झक मारत घरी येईल. चार दिवस घरचं अन्न पोटात गेलं की त्याचं त्यालाच कळेल.

इतकी वर्षं बॅटऱ्यांत काढून मला एवढं कळलं नाही की बॅटरी कुठं बसायचं ते आपल्याला विचारत नाही.

ती लोणावळ्यात बसली, शनिवारी, भर गर्दीत. त्या खेपेला आबांना दक्षिणेऐवजी मुंबईचा माल मिळाला होता. गाड्यांची रांग हलेना म्हणून आबांनी डिझेल वाचवायला इंजिन बंद केलं होतं आणि टीव्ही चालू ठेवला होता. रांग हलली तेव्हा सेल्फच लागेना. मी फोन आल्यावर मोटारसायकल काढून पोचलो, तर भरलेला ट्रक रस्त्याच्या मधोमध आणि मागे नजर पोचेल तिथवर गाड्या. चिक्कीच्या पिशव्या हातात घेतलेली माणसं खाली उतरून आबांना बोलत होती. माझ्याहून लहान एक जण, हाफ पँट घातलेला, त्यांना अरे-तुरे करत होता. "म्हाताऱ्या, जमत नाही तर घरी बस ना." आबा मान खाली घालून उभे होते. तीस वर्षांत त्यांची गाडी कधी रस्त्यात बंद पडली नव्हती.

मला बघून त्यांनी मान वर केली. रांग सोडवायला आलेल्या पोलिसाला म्हणाले, "ह्यो माझा पोरगा. हेचंच काम हाय सारं. पोराच्या हातात गाडी दिली, ही माझीच चूक."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मुद्दाम केलं असं सांगायची सोय नव्हती, आणि येत नाही म्हणून झालं असं सांगायला जीभ वळेना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. क्रेन आली तेव्हा तिची साखळी गाडीला मीच अडकवली.

गाडी तळेगावला गॅरेजमध्ये गेली आणि आबा तीन दिवस घरी आले. मला हवं होतं ते झालं. आईनं इंद्रायणीचा भात केला, सुकटीचं कालवण केलं. आबा जेवले आणि म्हणाले, केबिनमधी येवढा उकाडा न्हाई. आईनं घरचा टीव्ही लावून रिमोट त्यांच्या हातात दिला. त्यांनी दोन मिनिटांत बंद केला. "हेला आवाजच न्हाई." मग ओट्यावर जाऊन बसले, रस्त्याकडे तोंड करून. दिवसातून चार वेळा गॅरेजला फोन. आई शेजारी जाऊन बसली, भाताचं, म्हशीचं, कुणाच्या लग्नाचं सांगत राहिली. ते व्हय, व्हय म्हणत राहिले. एकदा तिनं बोलायचं थांबवलं, तरी ते व्हय म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी आईनं मला गोठ्यामागे गाठलं.

"त्येची गाडी दे बाबा करून. हितं असून नसल्यावानी हाय. तितं असला म्हंजे निदान वाट तरी बघता येती."

असं बोलून ती शेण काढायला लागली. मला रडू आलं आणि स्वतःची चीडही आली. पिशवीतला तो डबा घेतला आणि आबांच्या मागोमाग गॅरेजमध्ये गेलो. नव्या बॅटऱ्या चढल्या होत्या. आबा गॅरेजवाल्याला सांगत होते, टीव्हीच्या कामाला दुसरा कोणतरी बोलव. ह्येला न्हाई जमत. मी मागे उभा आहे हे त्यांना माहीत होतं.

तेव्हा मी बोललो. बापाशी मी एवढं सरळ पहिल्यांदाच बोललो असेन. "आबा, मधनं बारा मी मुद्दाम काढलेलं. ह्यो बघा डबा. तुमी घरी यावं, आईपाशी बसावं, म्हणून केलं."

आबा वळले. डबा हातात घेऊन उलटासुलटा केला, माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला.

"मुद्दाम केलंस?"

"व्हय."

"म्हंजी काम येतंय तुला!" ते हसले, आणि गॅरेजवाल्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आयकलंस का, मुद्दाम केलं म्हणतोय. आन मला वाटलं पोरगं बिनकामाचं निघालं. लय घोर लागलेला जिवाला. काम एक नंबर हाय ह्येचं, हां."

दहा वर्षं मी जे ऐकायला थांबलो होतो ते हेच. बाकी मी जे बोललो होतो ते त्यांच्या कानात शिरलंच नाही. मी तोंड उघडलं, तर त्यांनी गाडीची चावी माझ्या हातात ठेवली.

"घे. बसव परत."

मी डबा परत बसवला. प्रत्येक स्क्रू दोनदा आवळला, काम चोख केलं. दीड वर्ष झालं, त्या गाडीची बॅटरी एकदाही बसलेली नाही आणि आबाही घरी राहायला आलेले नाहीत.